लस एकत्र घेतली. परिचारिका कुठून आणणार?

फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस इटलीने युरोपीय संघाच्या नागरी संरक्षण यंत्रणेमार्फत इतर सदस्य देशांकडे मास्क मागितले. लोम्बार्डी प्रांतात करोनाचे रुग्ण झपाट्याने वाढत होते आणि डॉक्टर-परिचारिकांना पुरेसे संरक्षक साहित्य नव्हते. भूकंप, वणवा किंवा महापूर आला की एका देशाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी मदत धाडायची, अशी या यंत्रणेची पद्धत. या वेळी मात्र हाकेला ओ देणारे कोणी निघाले नाही. उलट मार्चच्या पहिल्या आठवड्यात फ्रान्सने देशातले मास्कचे साठे सरकारच्या ताब्यात घेतले आणि जर्मनीने संरक्षक साहित्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ज्या संघात एका देशातले चीज दुसऱ्या देशात विनासायास पोहोचते, तिथे मास्क सीमेवर अडले.

एप्रिलमध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी युरोपीय संसदेत इटलीची माफी मागितली. गरजेच्या वेळी फार थोडे जण धावून आले, अशी ती कबुली होती. त्यानंतरच्या काही वर्षांत युरोपने आरोग्याच्या क्षेत्रात जितके एकत्र काम केले तितके त्याआधी कधी केले नव्हते. त्यातले काय टिकले, काय नुसते कागदावर राहिले आणि कोणत्या प्रश्नाला अजून हातही लागलेला नाही, याचा हिशेब आता मांडता येतो.

संघ एक, आरोग्यव्यवस्था सत्तावीस

मार्च २०२०मध्ये जे घडले त्याचे मूळ युरोपीय संघाच्या घडणीत आहे. व्यापार, स्पर्धेचे नियम, शेती यांत संघाला मोठे अधिकार आहेत. आरोग्यसेवा मात्र सदस्य देशांची. संघाच्या कारभारविषयक कराराचा १६८वा अनुच्छेद सांगतो, की आरोग्यसेवेची आखणी आणि तिच्यावरचा खर्च ही त्या त्या देशाची जबाबदारी. संघाने फक्त पूरक काम करायचे. त्यामुळे जर्मनीत आरोग्य विमा निधींवर चालणारी व्यवस्था आहे, इटली आणि स्पेनमध्ये करांतून चालणारी सार्वजनिक सेवा आहे, आणि दर माणशी होणाऱ्या खर्चात लक्झेम्बर्ग आणि रोमानिया यांच्यात मोठी दरी आहे.

साथरोगांसाठी युरोपकडे काहीच नव्हते, असे नाही. २००३च्या सार्स साथीनंतर युरोपीय रोग प्रतिबंध आणि नियंत्रण केंद्र स्थापन झाले आणि २००५पासून ते स्टॉकहोमजवळ काम करू लागले. २००९च्या स्वाइन फ्लूमध्ये प्रत्येक देशाने लस कंपन्यांशी स्वतंत्रपणे सौदे केले. त्या अनुभवातून २०१४मध्ये संयुक्त खरेदीचा करार झाला. प्रत्येक साथीनंतर एक नवी संस्था किंवा नवा करार, हा युरोपचा शिरस्ताच आहे. पण स्टॉकहोमच्या केंद्राचे काम आकडे गोळा करणे आणि सल्ला देणे एवढ्यापुरते होते. सल्ला मानायचा की नाही, आणि आकडे कोणत्या पद्धतीने मोजायचे, हे प्रत्येक राजधानीत वेगवेगळे ठरत होते.

पहिल्या धक्क्यानंतर मात्र चित्र पालटू लागले. मार्चच्या उत्तरार्धात इटलीतील बर्गामो परिसरातले अत्यवस्थ रुग्ण विमानाने जर्मनीतील लाइपझिगला नेण्यात आले. फ्रान्सच्या पूर्व भागातल्या रुग्णांना जर्मनी, लक्झेम्बर्ग आणि स्वित्झर्लंडमधील अतिदक्षता विभागांत जागा मिळाल्या. संघाने ‘रेस्कईयू’ या योजनेखाली वैद्यकीय साहित्याचा सामायिक साठा उभारला. तो पहिल्यांदा सांभाळला रोमानिया आणि जर्मनी या दोन देशांनी. मेच्या सुरुवातीपर्यंत त्यातले मास्क इटली, स्पेन आणि क्रोएशियात पोहोचले होते.

एकत्र खरेदीचा धडा

सहकार्याची खरी कसोटी लशीच्या वेळी लागली. जून २०२०मध्ये जर्मनी, फ्रान्स, इटली आणि नेदरलँड्स या चार देशांनी एकत्र येऊन अ‍ॅस्ट्राझेनेकाशी बोलणी केली. धोका उघड होता. श्रीमंत देश आधी मात्रा पदरात पाडून घेतील आणि माल्टा, लाटव्हिया, बल्गेरिया यांसारखे देश रांगेत शेवटी राहतील. काही दिवसांतच हे काम युरोपीय आयोगाकडे सोपवण्यात आले. सर्वांच्या वतीने आयोग करार करणार आणि मात्रा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जाणार, असे ठरले. २७ डिसेंबर २०२०च्या सुमारास संघातील देशांत लसीकरण जवळपास एकाच वेळी सुरू झाले. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस संघातील ७० टक्के प्रौढांचे लसीकरण पूर्ण झाले होते.

हा प्रवास सुखाचा नव्हता. ब्रिटनने संघातून बाहेर पडून लशीला काही आठवडे आधी मंजुरी दिली आणि सुरुवातीला वेगही जास्त राखला. अ‍ॅस्ट्राझेनेकाकडून ठरल्यापेक्षा फारच कमी मात्रा आल्या, तेव्हा प्रकरण ब्रसेल्सच्या न्यायालयात गेले. मार्च २०२१मध्ये ऑस्ट्रेलियाला निघालेल्या अडीच लाख मात्रा इटलीने रोखल्या. वर्षभरापूर्वी मास्कसाठी याचना करणाऱ्या देशाच्या हाती आता निर्यातबंदीचे हत्यार होते. हंगेरीने युरोपीय औषध संस्थेच्या मंजुरीची वाट न पाहता रशियाची स्पुटनिक आणि चीनची सायनोफार्म लस वापरली. स्लोव्हाकियात स्पुटनिकच्या खरेदीवरून झालेल्या वादात पंतप्रधान इगोर मातोविच यांना पद सोडावे लागले.

खरेदी एकत्र झाली, पण हिशेब उघडा राहिला नाही. युरोपीय लेखापरीक्षकांच्या २०२२च्या अहवालानुसार नोव्हेंबर २०२१पर्यंत सुमारे ७१ अब्ज युरो खर्चून ४.६ अब्ज मात्रांपर्यंतचे करार झाले होते. संघाची लोकसंख्या सुमारे ४५ कोटी. म्हणजे माणशी दहा मात्रा. सर्वांत मोठ्या, फायझरबरोबरच्या कराराची प्राथमिक बोलणी कशी झाली याची माहिती लेखापरीक्षकांना मिळाली नाही. फॉन डेर लायन आणि फायझरचे प्रमुख यांच्यातील मोबाइल संदेश पत्रकारांना नाकारण्याचा आयोगाचा निर्णय संघाच्या न्यायालयाने मे २०२५मध्ये रद्द ठरवला. साथ ओसरल्यावर पोलंडने नको असलेल्या मात्रा घेण्यास नकार दिला, तर फायझरने दावा ठोकला. एकत्र खरेदीमुळे लहान देशांना न्याय मिळाला हे खरे. पण सत्तावीस देशांच्या वतीने एकच जण सौदा करतो तेव्हा त्याला प्रश्न विचारण्याची सोयही तेवढीच भक्कम लागते, हा त्याच व्यवहारातला दुसरा धडा.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

जुलै २०२१पासून युरोपात डिजिटल कोविड प्रमाणपत्र लागू झाले. एका देशात दिलेला क्यूआर कोड दुसऱ्या देशात वाचता येऊ लागला. संघाबाहेरच्या अनेक देशांनीही ती पद्धत स्वीकारली आणि २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्या जागतिक व्यवस्थेसाठी उचलली. सहकार्यातून जन्मलेल्या गोष्टींत ही बहुधा सर्वांत निर्विवाद.

तिचा एक काच मात्र पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटपर्यंत पोहोचला. युरोपीय औषध संस्थेने अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस ‘व्हॅक्सझेव्हरिया’ या नावाने मंजूर केली होती. तीच लस सीरममध्ये ‘कोव्हिशील्ड’ नावाने बनत होती, पण त्या उत्पादनाला युरोपची स्वतंत्र मंजुरी नव्हती. त्यामुळे कोव्हिशील्ड घेतलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना आणि प्रवाशांना संघाच्या सामायिक प्रमाणपत्राचा आपोआप लाभ मिळाला नाही. जर्मनी, स्पेन, ऑस्ट्रिया यांसारख्या देशांनी आपापल्या पातळीवर मान्यता दिली, तेव्हा वाट मोकळी झाली. म्हणजे संघाचा सामायिक नियम अपुरा पडला आणि प्रश्न पुन्हा राष्ट्रीय सरकारांनी सोडवला.

कुंपणाबाहेरच्या जगाशी युरोप कसा वागला, हाही त्याच्या सहकार्याच्या हिशेबाचा भाग आहे. करोनाच्या लशी आणि औषधांवरचे बौद्धिक संपदा हक्क तात्पुरते शिथिल करावेत, असा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२०मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडला. युरोपीय संघाने त्याला दीर्घकाळ विरोध केला. जून २०२२मध्ये फक्त लशींपुरती मर्यादित तडजोड झाली, तोवर लशींचा तुटवडा बराचसा संपला होता.

नव्या संस्था, जुन्या सवयी

नोव्हेंबर २०२०मध्ये आयोगाने ‘युरोपीय आरोग्य संघ’ ही कल्पना मांडली आणि पुढच्या दोन वर्षांत तिला कायद्यांचे रूप आले. स्टॉकहोमच्या केंद्राला आता साथीच्या ठिकाणी तज्ज्ञांचे पथक पाठवता येते आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक देशाच्या सज्जतेच्या आराखड्याची तपासणी करता येते. अ‍ॅमस्टरडॅममधील युरोपीय औषध संस्थेला औषधांच्या टंचाईवर नजर ठेवण्याचे अधिकार मिळाले. सप्टेंबर २०२१मध्ये आयोगाअंतर्गत ‘हेरा’ हा आरोग्य आणीबाणीचा विभाग सुरू झाला. लस, औषध, चाचण्या यांची आगाऊ तजवीज करणे हे त्याचे काम. २०२२मध्ये एमपॉक्सची साथ आली, तेव्हा हेराने लस थेट विकत घेऊन सदस्य देशांना वाटली. २०२०सारखी धावाधाव या वेळी दिसली नाही. २०२४मध्ये आफ्रिकेत एमपॉक्स पुन्हा उसळला, तेव्हा याच मार्गाने तिथे दोन लाखांहून अधिक मात्रा देणगी म्हणून जाहीर झाल्या.

जुनी सवय मात्र सहज सुटत नाही. २०२२-२३च्या हिवाळ्यात युरोपभर मुलांमधील श्वसनविकार वाढले आणि अमॉक्सिसिलिनसारखे साधे, स्वस्त प्रतिजैविक औषधांच्या दुकानांतून गायब झाले. साथीच्या दोन वर्षांत मागणी घटली म्हणून उत्पादकांनी अंदाज कमी धरले होते. शिवाय स्वस्त औषधांची मूळ रसायने मोठ्या प्रमाणात चीन आणि भारतातून येतात. ही पुरवठ्याची साखळी किती नाजूक आहे याचा प्रत्यय मार्च २०२०मध्येच आला होता. पॅरासिटामॉलसह २६ औषधे आणि औषधी घटकांची निर्यात भारताने तेव्हा काही काळ रोखली होती. पेनिसिलिनची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची निर्मिती युरोपात टिकून आहे ती मुख्यतः ऑस्ट्रियातील कुंडल या गावी, आणि तो कारखाना टिकावा म्हणून ऑस्ट्रिया सरकारने २०२०मध्ये ५ कोटी युरो देऊ केले.

टंचाईवर दोन प्रकारची उत्तरे निघाली. ऑक्टोबर २०२३मध्ये सदस्य देशांनी स्वेच्छेची एकजूट यंत्रणा सुरू केली. एका देशात अत्यावश्यक औषध संपले, की ज्याच्याकडे जादा आहे त्याने ते द्यायचे. डिसेंबरमध्ये दोनशेहून अधिक अत्यावश्यक औषधांची सामायिक यादी आली आणि मार्च २०२५मध्ये आयोगाने त्यासाठी स्वतंत्र कायद्याचा प्रस्ताव ठेवला. हे झाले एकत्र उत्तर. दुसरीकडे जर्मनीने २०२३मध्येच कायदा करून, आरोग्य विमा निधींशी सवलतीचे करार करणाऱ्या कंपन्यांना सहा महिन्यांचा साठा ठेवणे बंधनकारक केले. जर्मनीच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच. पण मोठ्या बाजारपेठेने आपले कोठार भरायला घेतले, की छोट्या देशांच्या वाट्याला काय उरणार, ही चिंता तिथून सुरू होते. मास्कच्या वेळचा प्रश्न गोळ्यांच्या रूपाने परत आला आहे.

माणसांचा साठा करता येत नाही

या सगळ्या उपायांत एक साम्य आहे. ते वस्तूंबद्दल आहेत. मास्क, लस, औषध या गोष्टी एकत्र विकत घेता येतात, गोदामात ठेवता येतात, विमानाने पाठवता येतात. आरोग्यव्यवस्था मात्र शेवटी माणसांवर आणि विश्वासावर चालते.

लसीकरणाने ते स्पष्ट दाखवले. लस सर्व देशांना लोकसंख्येच्या प्रमाणात मिळण्याची सोय होती. पोर्तुगालमध्ये ८५ टक्क्यांहून अधिक लोकांनी ती पूर्ण घेतली. बल्गेरियात हे प्रमाण जेमतेम ३० टक्क्यांच्या आसपास राहिले. सरकारवरचा आणि डॉक्टरांवरचा अविश्वास, खेड्यांतली विस्कळित प्राथमिक सेवा, अफवा यांवर ब्रसेल्सच्या करारात इलाज नव्हता.

मनुष्यबळाचे दुखणे त्याहून खोल आहे. ओईसीडी आणि युरोपीय आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार संघात सुमारे १२ लाख डॉक्टर, परिचारिका आणि सुईणींची कमतरता आहे. संघाच्या नियमांनुसार डॉक्टर आणि परिचारिकांच्या पदव्या एकमेकांच्या देशांत आपोआप मान्य होतात. नागरिकांच्या दृष्टीने हे मोठे स्वातंत्र्य. पण त्याचा परिणाम असा, की रोमानिया किंवा बल्गेरियाने आपल्या खर्चाने शिकवलेला डॉक्टर जर्मनी किंवा फ्रान्समध्ये जातो आणि त्याच्या गावचा दवाखाना रिकामा राहतो. ही गळती थांबवण्यासाठी रोमानियाने २०१८मध्ये सरकारी डॉक्टरांचे पगार भरघोस वाढवले. पण परिचारिकांची टंचाई आता श्रीमंत देशांतही आहे. त्यामुळे ओढाताण आणखी दूरवर पोहोचते: फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे.

इटलीकडे पाहिले की हा पेच नेमका कळतो. साथीनंतर संघाने इतिहासात प्रथमच मोठ्या प्रमाणावर एकत्र कर्ज काढले आणि सदस्य देशांना पुनरुभारणीसाठी पैसा दिला. त्यातून इटलीने आरोग्यासाठी सुमारे १५.६ अब्ज युरोंची तरतूद केली. लोम्बार्डीत साथीने उघडे पाडलेले सर्वांत मोठे व्यंग होते ते दुबळ्या प्राथमिक सेवेचे; रुग्ण थेट मोठ्या रुग्णालयांच्या दारात लोटले होते. म्हणून देशभर हजाराच्या वर ‘सामुदायिक आरोग्य घरे’ उभारण्याची योजना आखली गेली. तिथे डॉक्टर, परिचारिका, तपासणी या सोयी घराजवळ मिळाव्यात, ही कल्पना. युरोपच्या पैशातून भिंती उभ्या राहतात. आत बसणाऱ्या परिचारिकेचा पगार दरवर्षी इटलीलाच द्यायचा आहे. आणि एकत्र कर्जाच्या या निधीची मुदत २०२६पर्यंतच आहे.

जे गाजावाजा न करता टिकले

संकटाच्या वेळी घाईने उभारलेल्या सहकार्यापेक्षा रोजच्या वापरातले सहकार्य अधिक चिवट असते, असे युरोपातच दिसते. फ्रान्स-स्पेन सीमेवर पिरेनीज डोंगरांत पुइगसेर्दा गावी २०१४पासून सेर्दान्या रुग्णालय चालते. दोन्ही देशांचा पैसा, दोन्ही देशांचे कर्मचारी आणि दोन्ही बाजूंचे रुग्ण. हिवाळ्यात बर्फाने घाट बंद झाले, की फ्रान्सच्या बाजूच्या गावांना सर्वांत जवळचा प्रसूती विभाग सीमेपलीकडचा. दुर्मीळ आजारांसाठी २०१७पासून २४ संदर्भ जाळी कार्यरत आहेत. एका लहान देशात एखाद्या आजाराचे चार-पाचच रुग्ण असतील, तर तिथे त्याचा तज्ज्ञ तयार होणे कठीण. या जाळ्यांतून रुग्णाऐवजी त्याची कागदपत्रे आणि तज्ज्ञांचे मत प्रवास करते. फिनलंडच्या डॉक्टरने दिलेले इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शन २०१९पासून एस्टोनियातील औषधाच्या दुकानात चालते. मार्च २०२५मध्ये अमलात आलेला आरोग्य माहिती अवकाशाचा कायदा हीच सोय २०२९पासून टप्प्याटप्प्याने सर्व संघात नेणार आहे.

अशा योजनांच्या ठळक बातम्या होत नाहीत. पण साथ येण्याआधीच दोन देशांच्या डॉक्टरांना एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक, नोंदी आणि नियम माहीत असतील, तर साथीत मदतीसाठी नवी यंत्रणा शोधावी लागत नाही.

आठवण किती दिवस पुरते

प्रश्न पैशांचा आणि स्मरणाचा आहे. संघाच्या आरोग्य कार्यक्रमासाठी आयोगाने २०२०मध्ये ९.४ अब्ज युरो मागितले होते. सरकारप्रमुखांनी त्याच उन्हाळ्यात, साथ चालू असताना, ते १.७ अब्जांवर आणले. युरोपीय संसदेने भांडून ते सुमारे ५.३ अब्जांवर नेले. २०२४च्या सुरुवातीला युक्रेनसह इतर गरजांसाठी त्यातून १ अब्ज युरो कमी करण्यात आले. २०२८ ते २०३४ या काळासाठीच्या अर्थसंकल्पाचा प्रस्ताव जुलै २०२५मध्ये आला, त्यात आरोग्याचा स्वतंत्र कार्यक्रम नाही. तो स्पर्धात्मकतेच्या मोठ्या निधीत विलीन करण्याचे सुचवले आहे. संरक्षणखर्चाच्या दबावाखाली आरोग्य पुन्हा मागच्या बाकावर जाते आहे.

मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. अशा कराराची हाक सुरुवातीला युरोपीय नेत्यांनीच दिली होती. पण समितीतल्या मतदानात तटस्थ राहिलेल्या देशांत पोलंड, स्लोव्हाकिया आणि इटली होते. राष्ट्रीय सार्वभौमत्वाला धक्का लागेल, अशी शंका त्यामागे होती. पाच वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या सार्वभौम निर्णयांनी ज्याचे मास्क अडवले, त्याच देशाने ही शंका घ्यावी, यातून विस्मरणाचा वेग कळतो.

भारतीय वाचकाला हा पेच परका वाटू नये. आपल्या राज्यघटनेतही सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. मे २०२१मध्ये मुंबई महापालिकेने १ कोटी मात्रांसाठी जागतिक स्वारस्य निविदा काढली. इतर राज्यांनीही तसेच प्रयत्न केले. लस काही मिळाली नाही. कंपन्या एकेकट्या राज्याशी किंवा महापालिकेशी सौदा करायला तयार नव्हत्या, आणि जूनपासून केंद्राने बहुतांश खरेदी पुन्हा आपल्या हाती घेतली. एकत्र खरेदी का हवी, हे युरोपला आणि भारताला जवळपास एकाच सुमारास उमगले. लस आल्यावर ती टोचायला प्राथमिक आरोग्य केंद्रात माणूस आहे का, हा प्रश्न दोन्हीकडे उरला.

युरोपने साहित्याच्या बाबतीत मार्च २०२०ची पुनरावृत्ती टाळण्याची बऱ्यापैकी सोय केली आहे. पुढच्या साथीत मास्क सीमेवर अडण्याची शक्यता कमी आहे. पण तो मास्क घालून रुग्णाच्या खाटेशी उभी राहणारी परिचारिका बुखारेस्टमध्ये असेल की श्टुटगार्टमध्ये, आणि तिला शिकवण्याचा व टिकवण्याचा खर्च कोण उचलणार, हे सत्तावीस देशांनी अजून एकत्र बसून ठरवलेले नाही. ते साथीच्या दिवसांत ठरवता येत नाही. त्यासाठी मधली शांत वर्षेच हाताशी असतात, आणि ती सरत आहेत.